मजुरी की वारसा? बायबलमधील चिरंतन प्रतिफळाचे वचन

गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ख्रिस्ती शेजार नवा नसतो. चतुर्थीला आपल्या घरातून नेवऱ्यांचे ताट पलीकडे जाते, नाताळात तिकडून दोदोल आणि बिबिंक येते, फेस्ताला जेवणाचे आमंत्रण असते आणि कोणी वारले तर आपण सांत्वनाला जाऊन खुर्चीच्या कडेवर बसतो. त्या वेळी कानावर पडणाऱ्या कोंकणी प्रार्थनेत मृतासाठी ‘सासणाचो विसव’, म्हणजे कधीही न संपणारी विश्रांती, मागितलेली असते. ही विश्रांती कोणाला मिळते, कशाच्या बदल्यात मिळते आणि ती विश्रांतीच का, असे प्रश्न शेजारधर्म म्हणून आपण विचारत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची समजूत एवढीच राहते की चांगले वागावे, देवाने त्याची नोंद ठेवावी आणि मेल्यावर स्वर्ग द्यावा, असा हा सरळ व्यवहार आहे. ही समजूत पूर्णपणे चुकीची नाही, परंतु ती अर्धीच आहे, आणि जो अर्धा भाग तिच्यातून सुटतो त्यावरूनच ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाले आहेत.

वचन काय आहे ते आधी पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चरित्रांना शुभवर्तमाने म्हणतात) डोंगरावरील प्रवचनात येशू छळ सोसणाऱ्यांना आनंद करण्यास सांगतो, कारण स्वर्गात त्यांचे प्रतिफळ मोठे आहे. त्याच प्रवचनात पुढे तो पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे बजावतो, कारण इथल्या संपत्तीला कसर लागते, गंज चढतो आणि चोर घर फोडून ती नेतात. स्वर्गातील संपत्तीला यांपैकी कशाचेही भय नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाच्या पहिल्या पत्रात अविनाशी, निर्मळ आणि कधीही न कोमेजणाऱ्या वारशाचा उल्लेख येतो. बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या अगदी अखेरीस, बाविसाव्या अध्यायात, येशू म्हणतो की मी लवकर येत आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणे देण्यासाठी प्रतिफळ माझ्याजवळ आहे. तेव्हा प्रतिफळाची भाषा बायबलमध्ये आहे, ती स्पष्ट आहे आणि ती कोणाला अवघडल्यासारखे वाटते म्हणून पुसून टाकता येण्याजोगी नाही.

मात्र ही भाषा बायबलमध्ये पहिल्यापासून परलोकाची नव्हती. जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व काळातील पहिल्या भागातील, बहुतेक ठिकाणी देवाच्या आशीर्वादाचा अर्थ जमीन, पीक, मुलेबाळे आणि दीर्घायुष्य असाच आहे. दहा आज्ञांमध्येही आईबापांचा मान राखणाऱ्याला देशात चिरकाल राहण्याचे आश्वासन मिळते. रूथ नावाची मवाबी विधवा परक्या देशात सासूची साथ सोडत नाही, तेव्हा शेतमालक बवाज तिला म्हणतो की ज्या परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयाला आली आहेस तो तुझ्या कृत्याचे तुला पुरते फळ देवो. ते फळ तिला याच जन्मी मिळते: बवाजाशीच तिचा विवाह होतो आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्माला येतो.

पण जे रूथच्या वाट्याला आले ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे त्या ग्रंथाच्या लेखकांनाही ठाऊक होते. ईयोब हा सज्जन माणूस सर्वस्व गमावून राखेत बसतो आणि आपल्याला ही शिक्षा कशाची, असा जाब विचारतो. ‘तू काहीतरी पाप केले असशील’ असे समजावणाऱ्या त्याच्या मित्रांना अखेर देवच खोटे ठरवतो, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता तर उघडच कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला आणि माझे पाय घसरता घसरता राहिले. प्रतिफळाचा हिशेब इथेच चुकता होतो ही कल्पना अशी आतूनच पोखरली जात होती.

ती निर्णायकपणे मोडली इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. सीरियाचा राजा चौथा अँटिओकस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. आता जे देवाशी एकनिष्ठ राहत होते तेच नेमके मारले जात होते; त्यांना दीर्घायुष्याचे आश्वासन देण्यात काही अर्थ उरला नव्हता. याच छळाच्या पार्श्वभूमीवर दानीएलच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात जुन्या करारातील सर्वांत स्पष्ट असे विधान येते, की भूमीच्या मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही सार्वकालिक अपमानासाठी. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा आहे. निषिद्ध मांस खाण्यास नकार दिल्याबद्दल आईच्या डोळ्यांदेखत एकेकाला हालहाल करून मारले जाते. त्यांतील एक भाऊ हात पुढे करतो आणि म्हणतो की हे मला स्वर्गातून मिळाले होते आणि ते मला परत मिळतील अशी माझी आशा आहे. चिरंतन प्रतिफळाची कल्पना सुखवस्तू माणसाच्या लोभातून जन्मलेली नाही, हे या कथेवरून ध्यानात यावे. तिच्या मुळाशी अन्यायाने मारल्या गेलेल्यांचा प्रश्न आहे: देव न्यायी असेल, तर यांचे काय?

येशूच्या काळीही यावर एकमत नव्हते. यहुद्यांच्या दोन पंथांपैकी मंदिरातील पुरोहितवर्गाशी जवळीक असलेले सदूकी पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचे पुन्हा उठणे, मानत नसत; परूशी मानत असत. येशू या बाबतीत परूश्यांच्या बाजूचा होता. पण प्रतिफळ मानूनही ते कमावण्याच्या वृत्तीवर त्याने जेवढी कडक टीका केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो दानधर्म, प्रार्थना आणि उपवास अशी तीन उदाहरणे घेतो आणि तिन्ही ठिकाणी तेच सांगतो. जो लोकांनी पाहावे म्हणून करतो त्याला त्याचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. जो दार लावून, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देता करतो, त्याला गुप्तपणे पाहणारा पिता प्रतिफळ देईल. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर आणि कपेलांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे कोरलेल्या संगमरवरी फरश्या बसवतात. या अध्यायाच्या कसोटीला लावल्या तर त्या फरश्या पोचपावत्या ठरतात, आणि पोचपावती मिळाली की येणे संपले. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात हाच मुद्दा जेवणावळीच्या संदर्भात येतो. जे उलट आमंत्रण देऊ शकतात अशा मित्रांना, भावांना किंवा श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव; त्यांच्याजवळ फेड करायला काही नाही, म्हणूनच नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी तुझी फेड होईल. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत पाठवायचे नाही हा आपला जुना शिष्टाचार आहे आणि तो चांगलाच आहे, पण त्याने स्वर्गात काही जमा होत नाही, असे येशूचे म्हणणे दिसते.

तरीही प्रश्न राहतो. लोकांकडून मिळणारे नको, देवाकडून मिळणारे हवे, हा शेवटी अधिक दूरदृष्टीचा स्वार्थच नव्हे काय? नेमका हाच प्रश्न एकदा पेत्राच्या तोंडून निसटतो. एक श्रीमंत तरुण संपत्ती सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन निघून जातो, तेव्हा पेत्र येशूला विचारतो की आम्ही तर सर्व सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हांला काय मिळणार? येशू त्याला झिडकारत नाही. घरे, भाऊबहिणी, आईबाप, शेते यांवर ज्याने माझ्यासाठी पाणी सोडले त्याला शंभरपट मिळेल आणि सार्वकालिक जीवन हा त्याचा वारसा होईल, असे तो स्पष्ट सांगतो. मार्कने आपल्या शुभवर्तमानात हाच प्रसंग लिहिताना शंभरपटीच्या यादीत ‘छळणुकीसह’ अशी एक पुस्ती जोडली आहे. देवावर विश्वास ठेवा आणि पैसा, गाडी, बढती मिळवा असे सांगणारे उपदेशक हल्ली टीव्हीवर आणि मोबाइलवर सर्वत्र दिसतात. ती पुस्ती त्यांच्याकडून नेमकी वगळली जाते.

पेत्राला होकार देऊन झाल्यावर येशू लगेच एक दाखला सांगतो आणि त्या होकाराचा अर्थच बदलून टाकतो. हा द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि या संपूर्ण विषयाची किल्ली त्याच्यात असल्याचे माझे मत आहे. मळ्याचा धनी पहाटेच बाजारपेठेत जाऊन मजूर ठरवतो आणि दिवसाला एक दिनार द्यायचे कबूल करतो. दिनार हे रोमी चांदीचे नाणे त्या काळी एका दिवसाच्या मजुरीएवढे समजले जात असे. धनी पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो. यांना तो रक्कम सांगत नाही, ‘जे योग्य ते देईन’ एवढेच म्हणतो. दिवस मावळायला तासभर राहिला असता तो पाचव्यांदा जातो, तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे त्याने विचारल्यावर ते म्हणतात की आम्हांला कोणी कामाला लावले नाही. मडगाव किंवा म्हापशासारख्या शहरात सकाळी मजुरांचा जो नाका भरतो तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. धडधाकट माणसे आधी उचलली जातात. ऊन चढल्यावरही जे उभे असतात ते वयस्क असतात, किरकोळ असतात किंवा नवखे असतात, आणि त्यांच्याही घरी त्या दिवशी चूल पेटायची असतेच.

संध्याकाळी धनी कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटायला सुरुवात कर. हा तपशील मुद्दाम घातलेला आहे. पहाटे आलेल्यांना आधी दिनार मिळून ते घरी गेले असते तर तक्रारच झाली नसती. पण तासभर काम केलेल्यांच्या हातावर पूर्ण दिनार पडलेला ते पाहतात, आपल्याला जास्त मिळेल असे धरून चालतात आणि आपल्याही हातावर एकच दिनार पडल्यावर कुरकुर करू लागतात. त्यांचे म्हणणे असे की दिवसभराचे कष्ट आणि उन्हाचा ताप आम्ही सोसला आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले. धन्याचे उत्तर थोडक्यात असे आहे: ठरलेले तुला दिले, अन्याय केला नाही, माझे मी हवे तसे देऊ नये काय, की मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलते? कामगार न्यायालयात हे उत्तर टिकेल असे वाटत नाही, आणि दाखला ऐकणाऱ्याला त्यातला अन्याय खुपावा हीच सांगणाऱ्याची इच्छा दिसते. पेत्राला मिळायचे ते मिळेलच. मात्र ते किती तास उन्हात राबलो यावर मोजले जाणार नाही आणि दुसऱ्याला तेवढेच मिळाले म्हणून कमीही होणार नाही.

यानंतर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तालंतांचा दाखला वेगळा वाटत नाही. परदेशी जाणारा धनी तीन चाकरांना पाच, दोन आणि एक तालंत सोपवून जातो. एक तालंत म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई, तेव्हा ही रक्कम लहान नव्हे. परत आल्यावर पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी जे बोलतो ते शब्दाला शब्द सारखेच आहे: शाबास, तू थोडक्यात विश्वासू राहिलास, मी तुला पुष्कळावर नेमीन, आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो. नफ्याच्या आकड्याचा उल्लेखही होत नाही. आणि बक्षीस म्हणून सुट्टी मिळत नाही, अधिक मोठी जबाबदारी आणि धन्याच्या आनंदात वाटा मिळतो. तिसरा चाकर पैसे जमिनीत पुरून ठेवतो, कारण धनी कठोर आहे असे त्याने मनाशी धरलेले असते. तो बुडतो तो या समजुतीमुळेच. त्याच अध्यायाच्या शेवटी न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे, ज्यात भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला भेट देणाऱ्यांना राज्याचा वारसा मिळतो. तिथे तर ज्यांना प्रतिफळ मिळते तेच गोंधळून विचारतात की प्रभो, हे आम्ही तुझ्यासाठी केले तरी केव्हा? म्हणजे त्यांनी कधी हिशेब ठेवलेलाच नव्हता. प्रतिफळ मिळते ते अशांना, आणि स्वार्थाच्या आक्षेपाला बायबलने दिलेले उत्तर मला तरी इथेच सापडते.

येशूनंतर हा विचार आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने, निरनिराळ्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांतून, पुढे नेला. पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे, असे तो रोमकरांस लिहितो; वेतन आणि दान या दोन गोष्टी त्याने एकाच वाक्यात समोरासमोर ठेवल्या आहेत. तोच पौल करिंथकरांस मात्र धावपटूचे उदाहरण देतो आणि असे धावा की बक्षीस मिळेल, असे सांगतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत, आणि त्यांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीचा मुकुट चढवला जाई. आपल्या चर्चमधील सायबिणीच्या (येशूची आई मरिया) मस्तकावर सोन्याचा मुकुट पाहायची सवय झाल्यामुळे बायबलमधील ‘जीवनाचा मुकुट’ आपण तसाच कल्पितो, पण पौलाच्या वाचकांसमोर होता तो काही दिवसांत वाळून जाणारा पाल्याचा मुकुट. ते नाशवंत मुकुटासाठी, आपण अविनाशी मुकुटासाठी, असे त्याचे म्हणणे आहे. याच पत्रात तो असेही सांगतो की प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल. सोने, रुपे टिकेल, लाकूड, गवत, पेंढा जळेल. ज्याचे काम जळेल त्याचे नुकसान होईल, पण तो स्वतः मात्र अग्नीतून बाहेर पडल्यासारखा वाचेल. तारण वेगळे आणि प्रतिफळ वेगळे, असा भेद अनेक प्रॉटेस्टंट अभ्यासक या उताऱ्याच्या आधारे करतात. कॅथलिक परंपरेला त्यात मरणोत्तर शुद्धीकरणाची सूचना दिसते.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील एक ओळ फारशी चर्चेत नसते, पण ती विलक्षण आहे. तिथे गुलामांना उद्देशून म्हटले आहे की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, कारण प्रभूकडून तुम्हांला वारसा हे प्रतिफळ मिळणार आहे. रोमी कायद्यात गुलाम हा स्वतःच कोणाची तरी मालमत्ता असे. मुलाप्रमाणे वारस होण्याचा त्याला अधिकारच नव्हता. ज्याला मजुरीही मिळत नाही त्याला पत्र सांगते की तू घरचा वारस आहेस. वारसा कमावून मिळत नाही, त्या घरचे असल्यामुळे मिळतो. म्हणूनच बायबलमध्ये मजुरीच्या भाषेपेक्षा वारशाची भाषा अधिक खोलवर जाते असे मला वाटते. अर्थात परलोकीचा वारसा दाखवून इथली मजुरी बुडवण्याची मुभा मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही. तुमची शेते कापणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोबाचे पत्र धनिकांना सुनावते.

एवढे सगळे मान्य केल्यावरही माणसाच्या कर्माचा त्यात वाटा किती, हा वाद शिल्लक राहिलाच. पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने त्यावर एक सूत्र दिले, की देव जेव्हा आपल्या गुणांना मुकुट चढवतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट चढवत असतो. 1517 मध्ये प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा स्वर्गाशी सौदा करण्याची वृत्ती हेच त्याचे लक्ष्य होते. कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मसभेत 1547 साली उत्तर दिले की सार्वकालिक जीवन ही देवाने दयेने कबूल केलेली कृपा आहे आणि विश्वासूपणे दिले जाणारे प्रतिफळही आहे, पण माणसाने स्वतःवर भिस्त ठेवू नये. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरच्या अनुयायांचा लुथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, ज्यात देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने, हे दोघांनीही मान्य केले.

गोव्यात हा धर्मविचार पसरला तो साधारण ट्रेंटच्या काळातच. जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये इथे उतरला. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये आला आणि त्याने येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले, जे 1616 साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काव्यात ख्रिस्ती स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द सहज येतो. त्याआधी सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले, हेही विसरून चालणार नाही. स्वर्गाचे वचन आणि राज्यसत्तेचा धाक एकाच होडीतून आले. इथल्या बक्षिसासाठी केलेल्या धर्माचरणाबद्दल मत्तयाचा सहावा अध्याय जे म्हणतो, ते त्या काळच्या कारभाऱ्यांना लागू केले तर निकाल त्यांच्या बाजूने लागणार नाही.

त्याच भूमीतून वेगळे उदाहरणही उभे राहिले. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले पाद्री जुझे वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले, कारण तिथल्या डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घातली होती. कँडीत देवीची साथ पसरली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली आणि 1711 मध्ये तिथेच देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. अशी घोषणा हा पुरस्कार असल्याचा समज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांमुळे होतो. चर्चच्या शिकवणुकीनुसार ती केवळ ग्वाही असते: ही व्यक्ती देवाच्या सान्निध्यात आहे आणि तिचे प्रतिफळ तिला आधीच मिळाले आहे. तीन शतके उशिरा कळले ते आपल्याला.

मग ते प्रतिफळ शेवटी आहे तरी काय? प्रकटीकरणात सोन्याचे रस्ते आणि रत्नांच्या वेशी आहेत, पण त्या वर्णनाच्या गाभ्याशी दोन साध्या गोष्टी आहेत: देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील, आणि ते त्याचे मुख पाहतील. ख्रिस्ती परंपरेने या दुसऱ्या गोष्टीलाच स्वर्गाचे सार मानले. म्हणजे देव काही देतो असे म्हणण्यापेक्षा देवच मिळतो असे म्हणणे अधिक नेमके. मुक्ती नको, पण तुझा विसर न व्हावा असे विठ्ठलाला विनवणाऱ्या वारकरी मनाला हे परके वाटू नये. इथपर्यंत साम्य आहे. पुढे फरक आहेत आणि ते बुजवण्यात शहाणपण नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पुण्य संपले की स्वर्गातून पुन्हा मर्त्यलोकात यावे लागते, म्हणजे तो स्वर्ग खर्चून जाणारा आहे. बायबलचा स्वर्ग संपत नाही, कारण तो पुण्याच्या शिलकीवर उभाच नाही. जन्मांची साखळीही तिथे नाही; माणसाला एकदाच मरणे नेमून ठेवले आहे, असे इब्री लोकांस पत्र सांगते. आणि केवळ आत्म्याची सुटका हे तिथले ध्येय नाही, देहाचेही पुनरुत्थान आहे, नवे आकाश आणि नवी पृथ्वी आहे.

तिथे सगळे सारखेच, की थोरले-धाकटे आहेत? पौल म्हणतो की ताऱ्याताऱ्यांच्या तेजात फरक असतो, आणि लूकमधील एका दाखल्यात एका चाकराला दहा नगरे मिळतात तर दुसऱ्याला पाच. त्यावरून कॅथलिक परंपरेने देवदर्शनात कमी-अधिक खोली असते असे मानले. मग तिथेही हेवा आलाच, या शंकेला ऑगस्टीनने उत्तर दिले होते की शरीरात बोटाला डोळा व्हावेसे वाटत नाही, तसे ते आहे. द्राक्षमळ्यातील कुरकुर ऐकल्यावर या उत्तराने सर्वांचे समाधान होईल असे नाही.

मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, या प्रश्नावर गोव्यातील कॅथलिक कुटुंबे आणि नव्या प्रार्थनागटांत जाणारे त्यांचे नातेवाईक यांच्यात हल्ली घरातच मतभेद होतात. मृत्यूला महिना होतो त्या दिवशी अर्पण केले जाणारे मीस (चर्चमधील प्रार्थनाविधी) आणि 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, स्मशानातील प्रत्येक खुरसापाशी (क्रुसापाशी) लागणाऱ्या मेणबत्त्या यांमागे मक्काबींच्या त्याच दुसऱ्या पुस्तकातील बारावा अध्याय आहे. भक्तीने निजलेल्यांसाठी उत्तम प्रतिफळ राखून ठेवले आहे या विश्वासाने यहुदी सेनानी यहूदा मक्काबीने युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी यज्ञ करविला, असे तिथे लिहिले आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तकच समाविष्ट नाही. त्यामुळे तोच मृत माणूस एका भावाच्या मते अजून आपल्या प्रार्थनेची वाट पाहत असतो, तर दुसऱ्याच्या मते त्याचा निर्णय झालेला असतो.

एक प्रश्न आपल्याकडच्या वाचकाच्या मनात असणारच: जो ख्रिस्ती नाही त्याचे काय? माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वाक्य धरून अनेक इव्हँजेलिकल (बायबल व वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्या विश्वासाच्या स्पष्ट कबुलीशिवाय मार्ग नाही असे मानतात. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत, 1964 साली, अशी भूमिका घेतली की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला पटेल तसे वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते; आणि तेही कृपेनेच, असे त्याच परिच्छेदात म्हटले आहे. तेव्हा सांत्वनाला गेल्यावर बाजूला बसलेल्या कॅथलिक आजीला हा प्रश्न विचारला, तर तिचे उत्तर आणि तिच्या प्रार्थनागटात जाणाऱ्या नातवाचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरू नये.